कृत्रिम धाग्याचे कापड : त्याची ओळख, निवड व निगा

आपल्या मोताळा तालुक्यात कपाशी हे पूर्वापार चालत आलेले पीक आहे. सोयाबीन व मका यांनी हल्ली पुष्कळ रान व्यापले असले, तरी घाटाखालच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी अजून उभी आहे. वेचणीच्या दिवसांत ज्याच्या ओसरीवर कापसाचा ढीग लागतो, त्या कास्तकाराच्या अंगणातील दोरीवर वाळणारे कपडे मात्र निराळीच हकीकत सांगतात. सदरा, विजार, लुगडे, मुलांचा शाळेचा गणवेश, अंथरुणावरची चादर, यांत निव्वळ कापसाचे वस्त्र शोधून काढावे लागते. कापूस विकावयाचा आणि खनिज तेलापासून केलेले कापड विकत घ्यावयाचे, असा हा व्यवहार घरोघर चालला आहे.

याबद्दल कोणास दोष देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त पडते, लवकर वाळते, पुष्कळ टिकते व इस्तरीवाचूनही नीट दिसते. मग लोकांनी ते घेतले तर नवल कसले? परंतु जी वस्तू दररोज अंगास लागते तिचा स्वभाव न जाणता ती वापरणे व्यवहारी माणसास शोभत नाही. शेत घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, बांध पायाखाली घालून पाहतो. कापड घेताना मात्र रंग व किंमत यांपलीकडे नजर जात नाही. शिवाय या ज्ञानाचा उपयोग कपड्यांच्या पेटीपुरताच आहे असेही नाही. हाच परका धागा आपल्या कापसाच्या ढिगात शिरून मालाची पत घालवीत आहे. ती गोष्ट अखेरीस विस्ताराने सांगावयाची आहे. तत्पूर्वी धाग्याची ओळख करून घेऊ.

धाग्यांची तीन कुळे

पहिले कुळ निसर्गाचे. कापूस, ताग, अंबाडी हे धागे वनस्पतीपासून मिळतात. लोकर व रेशीम हे प्राण्यांपासून.

दुसरे कुळ मधले होय. त्यास रेयॉन किंवा व्हिस्कोज म्हणतात. लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून तो बारीक छिद्रांतून दाबून काढला म्हणजे त्याचे तंतू होतात. यात द्रव्य झाडाचे व घडण कारखान्याची. ही कृती इंग्लंडातील क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघांनी सन १८९२ मध्ये सिद्ध केली. पुष्कळ वर्षे लोक यास नकली रेशीम म्हणत, व दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानातून ते आपल्याकडे भरपूर येत असे. पुढे हल्लीच्या केरळातील पेरुंबावूरजवळ, मध्य प्रदेशात नागदा येथे, व आपल्या प्रांती कल्याणनजीक मोहने व शहाड येथे त्याचे कारखाने निघाले.

तिसरे कुळ संपूर्ण कृत्रिम. त्यात झाडाचा वा जनावराचा अंश नसतो. हल्ली त्याचे मूळ द्रव्य मुख्यत्वे खनिज तेलापासून मिळते. यातील नायलॉन अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या देखरेखीखाली सन १९३५ मध्ये तयार झाले. पॉलिएस्टरचा धागा सन १९४१ मध्ये इंग्लंडातील व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधला. त्यास तिकडे टेरिलीन असे नाव पडले. लोकरीसारखा दिसणारा अॅक्रिलिक धागा हाही याच कुळातला. बाजारातील स्वस्त स्वेटर व शाली बहुधा त्याच्या असतात. आणखी एक भावंड पॉलिप्रॉपिलीन होय. ते इटलीत जूलिओ नात्ता यांनी सन १९५४ मध्ये सिद्ध केले. हे शेवटचे नाव वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. खताची, सरकीच्या ढेपेची व पशुखाद्याची जी पांढरी विणलेली पोती आपल्या घरी येतात, ती बहुधा या धाग्याची किंवा त्याच्याच जवळच्या प्लॅस्टिकची असतात.

आपल्या राज्यात पॉलिएस्टर धाग्याची निर्मिती प्रथम ठाणे येथे १९६०-७० च्या दशकात सुरू झाली, व सन १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे मोठा कारखाना चालू झाला. तोपर्यंत हे कापड चैनीची वस्तू समजले जाई, व त्यावर कराचा बोजाही भारी असे. त्या काळी टेरिकॉटची विजार म्हणजे लग्नातला पोशाख! जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरण्यांना कोणताही धागा वापरण्याची बरीच मोकळीक दिली, आणि तेव्हापासून हे कापड खेड्यापाड्यांतील आठवडी बाजारापर्यंत पोहोचले. आज जगात तयार होणाऱ्या सर्व तंतूंपैकी निम्म्याहून अधिक एकटे पॉलिएस्टर आहे, व कापसाचा वाटा सुमारे एक पंचमांशावर आला आहे. राष्ट्रध्वजाच्या संहितेतही ३० डिसेंबर १९२१ नव्हे, तर ३० डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे अगदी अलीकडे, दुरुस्ती होऊन पॉलिएस्टरच्या ध्वजास मुभा मिळाली, यावरून या धाग्याचा प्रसार ध्यानी यावा.

कृत्रिम धाग्याचे चार स्वभाव

या कापडासंबंधीचे सर्व नियम त्याच्या चार स्वभावांतून निघतात. हे चार समजले म्हणजे बाकीचे पाठ करावे लागत नाही.

पहिला स्वभाव : हा धागा पाणी पीत नाही. कापूस खरेदी केंद्रावर ओलावा मोजणारे यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ओलावा शेकडा ८ च्या वर गेला की दरात कपात होते, व १२ च्या वर गेला की माल नाकारला जातो. तेथे आपणास जाचक वाटणारा ओलावा धरण्याचा गुण अंगावरच्या कपड्यात मात्र सुखाचा होतो. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या शेकडा सुमारे साडेआठ इतके पाणी धरून असतो. रेयॉन त्याहून अधिक, शेकडा ११ ते १३. नायलॉन शेकडा ४ च्या आसपास धरते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून पॉलिएस्टर झटकले की वाळते; आणि म्हणूनच वैशाखात ते अंगावर घातले असता घाम शोषला न जाता कातडीवर राहतो व जीव घाबरा होतो.

दुसरा स्वभाव : हा धागा उष्णतेने मऊ होतो व वितळतो. कापूस वितळत नाही, तो जळतो. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉनची एक सर्वत्र आढळणारी जात सुमारे २२० अंशास, व पॉलिप्रॉपिलीन तर सुमारे १६५ अंशासच. गिरणीत योग्य उष्णता देऊन बसविलेली घडी पॉलिएस्टरमध्ये कायम राहते, हा याच स्वभावाचा फायदा. इस्तरीने भोक पडणे व आगीत कापड कातडीस चिकटणे, हे त्याचेच तोटे.

तिसरा स्वभाव : पॉलिएस्टरसारखा धागा पाण्याचा वैरी, पण तेलाचा मित्र आहे. तेल, तूप व घामातील स्निग्ध अंश तो घट्ट धरतो. यामुळेच सदऱ्याच्या गळपट्टीचा मळ व काखेतील वास धुऊनही सहजी जात नाही. सुती कापडाचा साधा रंगही त्यावर चढत नाही. त्यास निराळे रंग व मोठी उष्णता लागते. पॉलिप्रॉपिलीन तर रंग जवळजवळ मुळीच घेत नाही.

चौथा स्वभाव : हा धागा कुजत नाही. त्यास वाळवी खात नाही, कसर लागत नाही. फाटले लुगडे गोधडीत जाते व गोधडी अखेर मातीत जिरते, असा आपला जुना क्रम होता. कृत्रिम चिंधी मात्र बांधावर टाकली तर वर्षानुवर्षे तशीच राहते. इतकेच नव्हे, तर धुण्याच्या प्रत्येक वेळी तिच्यातून डोळ्यांस न दिसणारे तंतू निघून पाण्याबरोबर वाहत जातात. सन २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एकाच वस्त्राच्या एका धुण्यातून १,९०० हून अधिक तंतू सुटल्याचे आढळले.

खरेदीच्या वेळी ओळख

गिरणीच्या कापडावर किंवा तयार कपड्याच्या आतील पट्टीवर धाग्याचे प्रमाण छापलेले असते. हाच त्या कापडाचा सातबारा होय. तो वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत. ‘६७ पॉलिएस्टर, ३३ कॉटन’ असे असेल तर शंभर भागांत कापूस तेहतीसच आहे असे जाणावे. ‘कॉटन फिनिश’, ‘कॉटन टच’ किंवा ‘सिल्की’ असे शब्द स्पर्शाचे वर्णन करतात, धाग्याची हमी देत नाहीत. पट्टीच नसेल तर पुढील परीक्षा कामी येतात.

मुठीत आवळून पाहणे : कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून सोडावा. सुती व रेयॉन कापडास सुरकुत्या पडतात. पॉलिएस्टर बहुधा पुन्हा सरळ होते.

पाण्याचा थेंब : धुतलेल्या, खळ गेलेल्या सुती कापडावर थेंब टाकताच तो शोषला जातो. दाट विणीच्या पॉलिएस्टरवर तो काही काळ तसाच राहतो. नव्या कापडावर गिरणीची खळ असते, म्हणून ही परीक्षा एकटी पुरेशी मानू नये.

जाळून पाहणे : ही सर्वांत खात्रीची. कापडाच्या काठातून चार-सहा धागे ओढून चिमट्यात धरावेत, खाली पाण्याची थाळी ठेवावी व ज्योत हळूहळू जवळ न्यावी. कापूस व रेयॉन झटकन पेटतात, जळत्या कागदासारखा वास येतो व बोटाने चुरडली जाणारी मऊ राख उरते. लोकर व रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडते, वितळते, काळा धूर सोडते व शेवटी कठीण मणी उरतो. नायलॉनही वितळून मणी करते. अॅक्रिलिक भरभर जळून काळा, ओबडधोबड गोळा होतो. मिश्र कापडात राख व मणी दोन्ही दिसतात. उभा धागा एक व आडवा दुसरा असे कापड पुष्कळ येते, म्हणून दोन्ही बाजूंचे धागे निरनिराळे जाळून पाहावेत. ही परीक्षा मुलांच्या हाती देऊ नये, व दुकानात करू नये. नमुन्याची चिंधी मागून घरी आणावी.

कोणत्या प्रसंगी कोणते कापड

उन्हाळ्यातील शेतकामास, तान्ह्या मुलांस, वृद्धांस व आजाऱ्यांस सुती कापडच द्यावे. आतील कपडे, डोक्यास बांधावयाचे उपरणे, अंग पुसण्याचा पंचा व उशीचे अभ्रे हेही सुतीच बरे. पंचा पॉलिएस्टरचा घेणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीने पाणी भरणे होय.

पावसाळ्यात, प्रवासात व शाळेच्या गणवेशास मिश्र कापड सोयीचे पडते. ते लवकर वाळते, गुडघ्यावर व कोपरावर लवकर विरत नाही, व दररोज इस्तरी मागत नाही. घाम फार येणाऱ्याने मिश्रणात कापसाचा अंश अधिक असलेले घ्यावे. सणासुदीच्या साडीस पॉलिएस्टर वा नायलॉन वापरावयास हरकत नाही. मात्र स्वयंपाकघरात ती साडी नेसून जाऊ नये.

या शेवटच्या सूचनेचे कारण गंभीर आहे. सुती कापडास आग लागत नाही असा समज कोणी करून घेऊ नये. सैल सुती पदरही झटकन पेट घेतो. परंतु कृत्रिम कापड वितळून कातडीस चिकटते व तेथे खोल भाजते. मिश्र कापडात तर कापूस जळत राहून वितळलेल्या धाग्यास सांगाड्यासारखा धरून ठेवतो, व आग शरीराजवळ अधिक वेळ टिकते. म्हणून चुलीपुढे, गॅसच्या शेगडीजवळ, दिवाळीच्या दिव्यांत व फटाक्यांत अंगाशी बसणारे जाड सुती कपडे असावेत व पदर खोचलेला असावा. दुर्दैवाने कोणी भाजलेच तर जागेवर सुमारे वीस मिनिटे थंड पाण्याची धार सोडावी. चिकटलेले कापड ओढून काढू नये, त्यावर तेल, शाई वा दंतमंजन फासू नये, व विलंब न लावता दवाखाना गाठावा.

फवारणीचे कपडे

सन २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या दुःखद प्रकरणानंतर फवारणी करणाऱ्याच्या पोशाखाकडे सर्वांचे लक्ष गेले. येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. पॉलिएस्टरचा सदरा पाणी पीत नाही म्हणून तो औषधही अडवील, असे पुष्कळांस वाटते. ते चूक आहे. धागा पाणी पीत नसला तरी विणीच्या छिद्रांतून औषध आत जातेच. शिवाय पुष्कळ औषधे तेलकट द्रावणात असतात, आणि तेल तर या धाग्यास प्रिय. सुती सदराही भिजल्यावर औषध कातडीस लावून धरतो. सारांश, साधे कापड कोणत्याही धाग्याचे असो, ते कवच नव्हे.

यास्तव दाट विणीचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालून त्यांवर पुढून व पाठीवरून पाणी न झिरपणारे आवरण घ्यावे. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व बूट वापरावेत. वाऱ्याच्या दिशेने चालावे, वाऱ्यावर तोंड करू नये. कपडे भिजले तर काम तेथेच थांबवून ते उतरावेत व अंग साबणाने धुवावे. घरी आल्यावर ते कपडे घरातील धुण्यात मिसळू नयेत. हातमोजे घालून, कढत पाण्यात व भरपूर साबणात, दोन-तीन वेळा निराळे धुवावेत व उन्हात वाळवावेत. ते पाणी विहीर, हौद वा नदीनाल्याजवळ ओतू नये. ज्या कपड्यावर बाटलीतील मूळ औषध सांडले, तो धुऊन शुद्ध होत नाही. त्याचा लोभ सोडावा.

धुणे, वाळविणे व इस्तरी

कृत्रिम व मिश्र कपडे कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, उलटे करून धुवावेत. मळ सुकू देऊ नये. गळपट्टी व काख यांस आधी साबण लावून अर्धा तास ठेवावे, म्हणजे तेलकट अंश सुटतो. तेलाचा डाग पडताच त्यावर पीठ किंवा खडूची पूड दाबावी व मग धुवावे. पांढरे करणारे क्लोरीनयुक्त द्रावण नायलॉनला व ताणल्या जाणाऱ्या कापडास वर्ज्य. पांढरे व रंगीत वेगळे ठेवावे, कारण नायलॉन दुसऱ्याचा सुटलेला रंग सहज ओढून घेते.

रेयॉनच्या बाबतीत एक विशेष आहे. कापूस ओला झाला की अधिक बळकट होतो, म्हणून धोतर दगडावर आपटण्याची आपली रीत निभावून गेली. रेयॉन ओले झाले की त्याचे बळ जवळजवळ निम्मे होते. त्यास आपटू नये, पिळू नये; हलके दाबून पाणी काढावे व पसरून वाळवावे. अॅक्रिलिकचे स्वेटर ओले असता लोंबत टाकल्यास ताणून लांब होते. ते खाटेवर पसरावे. नायलॉन कडक उन्हात राहिल्यास पिवळे पडते व कमजोर होते, म्हणून सावलीत वाळवावे. पॉलिएस्टर उन्हास पुष्कळ टिकते, रंग मात्र उडतो.

इस्तरीचा नियम सोपा आहे : मिश्र कापडात जो धागा सर्वांत नाजूक, त्यास सोसेल तेवढीच उष्णता द्यावी. आतील पट्टीवर इस्तरीचे चित्र असते. त्यात एक ठिपका असेल तर मंद, दोन असतील तर मध्यम, तीन असतील तर कडक इस्तरी चालते. चित्रावर फुली असेल तर इस्तरी करूच नये. कोळशाच्या इस्तरीची उष्णता आवरता येत नाही, म्हणून मध्ये ओलसर सुती फडके घालावे व आधी आतील शिवणीवर लावून पाहावे. साठवणीत या कपड्यांस कसरीचे भय नसते. पण त्यांवरील मळास बुरशी धरते, म्हणून धुऊन, पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवावेत.

गोठ्यात व शेतात

कृत्रिम धागा आता शेतीच्या अवजारांतही शिरला आहे. नायलॉनचा दोर मोटेच्या जुन्या सोलापेक्षा बळकट, व पाण्यात न कुजणारा. विहिरीवर तो उत्तमच. पण तोच दोर दाव्यासाठी वापरला तर बारीक व कठीण असल्यामुळे जनावराची मान कापतो. दाव्यास अंबाडीचा वा सुताचा दोरच चांगला. प्लॅस्टिकच्या सुतळीचे तुकडे वैरणीत राहू देऊ नयेत; ते गाईबैलांच्या पोटात पचत नाहीत व साठत जातात. ताडपत्री वापरून झाली की घडी करून सावलीत ठेवावी. उन्हाने जीर्ण झालेली ताडपत्री सोडत राहते ते तंतू कोठे जातात, हे आता सांगावयाचे आहे.

कापसातील परका धागा

वऱ्हाडचा कापूस एके काळी परदेशांत नावाने ओळखला जाई. खामगावच्या बाजाराची महती एवढी होती की, सन १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेची शाखा काढण्यात आली व तिचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. ती पत रुईच्या गुणावर उभी होती. आज भारतीय रुईविरुद्ध सूतगिरण्यांची एक मोठी तक्रार आहे, ती तिच्यात सापडणाऱ्या परक्या वस्तूंची. आणि त्यांत सर्वांत उपद्रवी म्हणजे पोत्याचा प्लॅस्टिक धागा.

हे घडते कसे ते पाहावे. वेचणारी बाई खताच्या रिकाम्या चुंगडीत कापूस भरते. चुंगडीच्या कापलेल्या काठाचे चार धागे कापसास लागतात. चुंगडीचे तोंड प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधले जाते; सोडताना सुतळी कापली जाते व तिचा तुकडा ढिगात पडतो. ढिगावर जुनी ताडपत्री असते, तिच्याही चिंध्या मिसळतात. असा कापूस जिनात गेला की यंत्र त्या तुकड्यास पिंजून त्याचे शेकडो बारीक तंतू करते व ते रुईभर पसरवते. तेथून पुढे ते निवडणे फार कठीण. पांढऱ्या रुईत पांढरा प्लॅस्टिक तंतू डोळ्यांस दिसत नाही. सूत निघते, कापड विणले जाते, आणि कापड रंगात बुडविले की चोरी उघडकीस येते : सर्व कापड निळे होते व मध्ये पांढरी रेघ तशीच राहते, कारण पॉलिप्रॉपिलीन रंग घेत नाही. तो सबंध तागा कमी भावात जातो. वर जो तिसरा स्वभाव सांगितला, तो येथे असा भोवतो. म्हणून गिरण्या रुई हाताने निवडण्यास माणसे लावतात, महागडी यंत्रे बसवितात, आणि तो खर्च शेवटी भाव ठरविताना रुईवरच पडतो.

यावर उपाय स्वस्त आहेत. वेचणीस सुती कापडाची ओटी व सुती पिशवी वापरावी. जुन्या सुती धोतराची वा चादरीची चालते. पिशवीचे तोंड सुती दोरीने बांधावे. वेचणाऱ्या बायांनी डोक्यास सुती फडके गुंडाळावे, म्हणजे केसही पडत नाहीत. कापूस सारवलेल्या कोरड्या जमिनीवर किंवा सुती कापडावर टाकावा, व झाकण्यासही सुती कापड घ्यावे. पहिल्या वेचणीचा स्वच्छ माल व कवडी यांचे ढीग निराळे असावेत. गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांचे वेष्टन, बियाण्याच्या पिशव्या ढिगाजवळ येऊ देऊ नयेत. गाडीत भरण्यापूर्वी एकदा ढीग पाहून परके तुकडे वेचून काढावेत. शेतात एक तुकडा काढण्यास क्षण लागतो, गिरणीत त्याचे शेकडो तंतू काढण्यास दिवस पुरत नाही.

संघाने करावयाचे काम

येथे कोणी विचारील की, एवढी दक्षता घेऊन मला अधिक काय मिळणार? बाजारात माझी गाडी व शेजाऱ्याची गाडी एकाच ढिगावर रिकामी होते, आणि भाव दोघांस एकच. ही शंका रास्त आहे, व तिला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. ओलावा यंत्र दाखवते, म्हणून त्याची कपात होते. चुंगडीचा धागा यंत्र दाखवीत नाही, म्हणून स्वच्छ मालास बक्षीस नाही. एकट्याने स्वच्छता राखली तर श्रम त्याचे व लाभ सर्वांत वाटला जातो.

म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याचे नसून संघाचे आहे. एका गावातील वीस-पंचवीस खातेदारांनी मिळून ठरवावे की, आमचा कापूस सुती पिशवीतच वेचला जाईल. पिशव्यांचे कापड संघामार्फत घाऊक आणावे. तो माल वेगळा साठवावा, वेगळा पिंजून गाठी बांधाव्यात व स्वच्छतेची हमी देऊन एकत्र विकावा. खरेदीदारास शंभर गाठी एकसारख्या स्वच्छ मिळतात असे दिसले, तरच तो वरचा भाव देण्याचा विचार करतो. एका गाडीसाठी तो थांबत नाही. रुईची स्वच्छता वाढावी म्हणून केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, व सन २०२२ मध्ये ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने भारतीय रुईस स्वतःची खूण देण्याचा उपक्रम हाती घेतला. परंतु जिनाच्या फाटकाबाहेर, आपल्या शेतात, कोणत्या पिशवीत कापूस पडतो हे सरकार पाहू शकत नाही. ते आपणच पाहावयाचे आहे.

तात्पर्य, कृत्रिम कापड शत्रू नव्हे. पावसात ते अंगावर असावे, विहिरीवर दोर होऊन असावे, मुलांच्या गणवेशात असावे. चुलीपुढे, वैशाखाच्या उन्हात, बैलाच्या मानेभोवती व कापसाच्या ढिगात ते असू नये. यंदाची पहिली वेचणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने घरातील जुनी सुती लुगडी व चादरी काढून त्यांच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, आणि खताच्या चुंगड्या कापसाच्या खोलीतून बाहेर काढाव्यात, एवढीच विनंती.